खिडकी आपली, कडीही आपल्याच हाती



गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आमच्या वस्तीतील एका उपासकाने विहाराच्या अभ्यासिकेला एक टॅब दान दिला. दहा इंची, अँड्रॉइडचा. वर्गणीतून वायफाय आधीच घेतलेले होते. त्रिशरण-पंचशील झाले, टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि टॅब पेटीतून निघाला तसाच आम्ही मुलांच्या हाती दिला. विहारात नवा पंखा बसवला तेव्हा तो पडणार तर नाही ना, म्हणून आम्ही दोनदा हलवून पाहिला होता. टॅबच्या बाबतीत तेवढीही तसदी घेतली नाही. त्याची किंमत एका मुलीला मोजावी लागली, म्हणून यावेळचे सदर या विषयावर लिहीत आहोत.

यंदाच्या वर्षावासात एके दिवशी ग्रंथवाचन आटोपल्यावर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी मागे थांबली. वडील नाक्यावर उभे राहून काम मिळवणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने विहारातील टॅबवरूनच भरला होता. टॅबमध्ये शोध घेतला, सर्वात वर जे आले त्यावर बोट ठेवले. पानावर तिरंगी पट्टी, वर सिंहमुद्रेचे चित्र. तिने आधार कार्डाचा फोटो दिला, जातीच्या दाखल्याचा फोटो दिला, आणि वडिलांच्या मोबाईलवरून 'नोंदणी शुल्क' म्हणून ४९९ रुपये भरले. अर्ज क्रमांक आलाच नाही. वर त्या पानाने कसलीशी परवानगी मागितली, तीही तिने दिली. तेव्हापासून टॅबवर रमीच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती टपाटप उमटू लागल्या. रविवारच्या वंदनेला आलेल्या आजीबाईंनी त्या पाहिल्या आणि मग गोष्ट उघडकीस आली.

समितीची बैठक बसली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, टॅब कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. दुसरे म्हणाले, निदान मुलींच्या हाती तरी देऊ नका. ती मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. आम्हाला राहवले नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना अक्षराच्या दाराशी उभे राहू दिले गेले नाही, त्यांच्या विहारातच ज्ञानाच्या वस्तूला कुलूप लागावे, आणि तेही मुलींसाठी? चूक त्या लेकीची नव्हती. न तपासता, न शिकवता वस्तू हाती देणाऱ्या आम्हा मोठ्यांची होती. तसे आम्ही बैठकीत स्पष्ट सांगितले. मग ठरले की पुढचे तीन रविवार वंदनेनंतर सर्वांनी मिळून हा टॅब नीट लावायचा. त्यात जे उमगले ते येथे देत आहोत. घरोघरी आता टॅब आणि मोठे मोबाईल आहेत, सर्वांच्याच उपयोगी पडेल.

ब्राउझर म्हणजे काय, ते आधी सांगतो. जगभर पसरलेल्या माहितीच्या जाळ्यात डोकावण्याची ती खिडकी. पहिली खिडकी टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९९० साली जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत तयार केली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही शुल्क न घेता सर्वांसाठी खुले केले. पाणवठा सर्वांना खुला असण्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. पण पाणवठा खुला असला तरी पाणी गाळूनच प्यावे लागते. ब्राउझरची मांडणी म्हणजे ते गाळणे.

आता निवड. अँड्रॉइडच्या टॅबवर बहुधा क्रोम आधीच असतो. सॅमसंगच्या टॅबवर सॅमसंग इंटरनेटही असतो. याशिवाय फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, ऑपेरा असे पुष्कळ फुकट मिळतात. नावे अनेक असली तरी यांतील बहुतेकांच्या पोटातले यंत्र एकच, गूगलने उभारलेले 'क्रोमियम'. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सारे त्यावरच बेतलेले. फायरफॉक्सचे यंत्र मात्र वेगळे, आणि त्यामागे मोझिला ही ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. आयपॅडवाल्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की तेथे नाव क्रोमचे घ्या की फायरफॉक्सचे, आपल्याकडे आतले यंत्र सफारीचेच चालते. त्यामुळे सफारीच नीट लावून घेतला तरी भागते.

आम्ही दोन ब्राउझर ठेवले. सरकारी अर्जांसाठी क्रोम, कारण अशी संकेतस्थळे बहुधा क्रोमवर बिनतक्रार चालतात. वाचनासाठी फायरफॉक्स, कारण अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये जाहिराती रोखणारी 'यूब्लॉक ओरिजिन' ही जोडणी बसवता येते. नेहमीच्या टॅबवरील क्रोममध्ये ती सोय नाही. दोन जोडणी बसवण्याच्या खटाटोपात पडायचे नसेल त्यांनी ब्रेव्ह घ्यावा, त्यात जाहिराती रोखण्याची सोय मुळातच असते. बाकीचे ब्राउझर आम्ही काढून टाकले. एका खोलीला सहा दारे असली की कोणते उघडे राहिले ते रात्री कळत नाही.

येथे एक कबुली द्यावी लागेल. वर्तमानपत्रे आणि साप्ताहिके जाहिरातींवरच तगतात, आमचेही त्यातच आले. म्हणून ज्या नियतकालिकांवर आपला विश्वास आहे, त्यांच्या पानावर ही रोखणी बंद ठेवण्याची सोय त्याच जोडणीत आहे, ती जरूर वापरावी. जुगाराच्या आणि कर्जाच्या सापळ्यांना मात्र विहारात जागा नाही.

आता मांडणी. एकेक गोष्ट क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वय तपासा. टॅबच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅबलेट' असे शेवटी असते, तेथे अँड्रॉइडचा क्रमांक दिसतो. २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या अँड्रॉइड १० च्या खाली मिळत नाहीत. जुना टॅब दान म्हणून आला तर आभार माना, पण हे आधी पाहा. जुन्या ब्राउझरच्या भोकांना नवे ठिगळ लागत नाही, आणि चोर तेथूनच शिरतो. अशा टॅबवर उतरवून घेतलेली पुस्तके वाचावीत, पैशाचे आणि कागदपत्रांचे काम करू नये. ब्राउझर घेताना वा अद्ययावत करताना प्ले स्टोअरमधूनच करावे. 'तुमचा ब्राउझर जुना झाला, येथे दाबा' असे एखादे पानच सांगू लागले तर ते लबाड समजावे.

दुसरी गोष्ट, सूचनांचे दार बंद करा. आमच्या टॅबवर रमीच्या जाहिराती आल्या त्या याच दारातून. एखादे पान विचारते, सूचना पाठवू का? आपण घाईत 'होय' म्हणतो, आणि त्या पानाला आपल्या अंगणात केव्हाही येऊन ओरडण्याचा परवाना मिळतो. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबे आहेत. ती दाबून सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तेथे परवानगी दिलेल्यांची यादी दिसते. आमच्या यादीत अकरा अनोळखी नावे होती. सारी काढली आणि जाहिराती त्याच क्षणी थांबल्या. टॅब बिघडला, दुकानात न्यावा लागेल, असे म्हणणारे चकित झाले. तेथेच खाली पॉप-अपचीही कडी आहे, ती बंदच असू द्यावी.

तिसरी गोष्ट, सुरक्षेची पायरी. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' येथे 'सेफ ब्राउझिंग' आहे. त्यात वाढीव संरक्षण निवडले तर फसव्या पानांचा इशारा अधिक चांगला मिळतो. त्याच्या बदल्यात आपण कोठे जातो याची जास्त माहिती गूगलकडे जाते. सामायिक टॅबवर मुलांच्या रक्षणासाठी आम्ही ते चालू ठेवले. घरच्या टॅबवर ज्याने त्याने विचार करून ठरवावे.

चौथी गोष्ट, पासवर्ड. टॅब एक आणि मुले वीस. ब्राउझर विचारतो, पासवर्ड जपून ठेवू का? सामायिक टॅबवर उत्तर नेहमी 'नाही'. आम्ही सेटिंग्जमधून हा प्रश्नच बंद केला. पैशाची कार्डे जपून ठेवण्याची सोयही बंद केली. ज्याचा पासवर्ड त्याच्या वहीत, आणि वही घरी.

पाचवी गोष्ट, इन्कॉग्निटो. तीन टिंबांतच ही सोय आहे. या खिडकीतून काम केले आणि शेवटी ती बंद केली की कोठे गेलो, कोणत्या खात्यात शिरलो, याची खूण टॅबवर राहत नाही. अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने हीच खिडकी वापरावी असा अभ्यासिकेचा नियम केला आहे. पण गैरसमज नको. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो त्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला आपण दिसतच असतो. शिवाय उतरवून घेतलेली फाईल टॅबवर तशीच राहते, ती वेगळी पुसावी लागते. आमच्या टॅबवर तीन जणांचे उत्पन्नाचे दाखले कोणालाही दिसतील असे पडले होते.

याच संदर्भात पालकांना आणि मोठ्या भावांना एक विनंती. लहान मुलांसाठी बंधने लावावीत, त्यासाठी गूगलचे फॅमिली लिंक आहे. पण कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा ब्राउझर रोज रात्री उघडून तिने काय पाहिले याची झडती घेणे म्हणजे काळजी नव्हे, पाळत आहे. धाकामुळे लेकरू चूक लपवते. आमची लेक चौथ्या दिवशी बोलली. तिला धाक नसता तर पहिल्या तासाला बोलली असती, आणि पैसे वाचण्याची आशा तेव्हा जास्त होती.

सहावी गोष्ट, अक्षरे. आमच्या आजीबाईंना टॅब दिसत नाही म्हणून नको असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' आहे, तेथे पानाचा आकार वाढवता येतो. ब्राउझरची भाषाही मराठी करता येते. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कळफलकावर माइकचे चित्र आहे, ते दाबून मराठीत बोलले की अक्षरे आपोआप उमटतात. उलट बाजूने, सरकारी अर्जात एखादे बटण दिसत नसेल तर तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' निवडून पाहावे. पान संगणकावर दिसते तसे दिसू लागते आणि हरवलेले बटण कित्येकदा सापडते.

सातवी गोष्ट सर्वात मोलाची, पत्ता वाचणे. तिसरा रविवार आम्ही यालाच दिला. वर जी पट्टी असते तीत संकेतस्थळाचा पत्ता असतो. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतच वाचा, आणि त्यातला शेवट पाहा. राज्य असो की केंद्र, सरकारी संकेतस्थळाच्या शेवटी बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असते, आणि ते सरकारी संस्थांनाच मिळते. लबाड मंडळी 'जीओव्ही' हा शब्द पत्त्याच्या मध्ये कोठेतरी घालतात आणि शेवट 'डॉट कॉम' किंवा आणखी कशाने तरी करतात. आडनाव शेवटी असते, हे ध्यानात ठेवले की पुरे. शोध घेतल्यावर सर्वात वर येणाऱ्या काही नोंदींवर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. ती पैसे भरून घेतलेली जागा असते, खरेपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे. पूर्वी पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसे आणि लोक समजत की कुलूप आहे म्हणजे संकेतस्थळ सच्चे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच होता की मधल्या वाटेत कोणी डोकावू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर आपले बोलणे त्या चोरापर्यंत सुरक्षित पोचे! हा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच बदलले.

हे समजावताना आमच्या बौद्धाचार्यांनी कालाम सुत्ताची आठवण करून दिली. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच शिकवले होते, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. सिंहमुद्रेचे चित्र दिसले म्हणून मानू नका, हा त्याच उपदेशाचा आजचा धडा. मुलांना तो चटकन कळला.

आठवी आणि शेवटची गोष्ट, आपली वाट आखून ठेवा. पत्त्याच्या पट्टीजवळ वा तीन टिंबांत ताऱ्याचे चित्र असते. खात्रीच्या पानावर असताना तो तारा दाबला की पत्ता जपून राहतो. मग दर वेळी शोध घ्यायला नको, आणि चुकीच्या दारी जायलाही नको. आमच्या टॅबवर आता एक यादी आहे. महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अधिकृत संकेतस्थळ. लोकसेवा आयोगाचे. ई-बालभारती, जेथे शाळेची पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. परराष्ट्र मंत्रालयाचे संकेतस्थळ, जेथे बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन आणि भाषणांचे खंड वाचायला मिळतात. या खंडांचे प्रकाशन महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली सुरू केले. एके काळी एकेका खंडासाठी आमची पिढी शासकीय ग्रंथागाराच्या दारी हेलपाटे घालीत असे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या संकेतस्थळावर १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची टिपांसह आवृत्ती आहे, तीही जोडली. विहाराच्या वायफायवर पुस्तक उतरवून घ्यावे आणि आपल्या मोबाईलवर घेऊन घरी वाचावे, म्हणजे घरी डेटा संपला तरी अभ्यास थांबत नाही.

यादीत आणखी एक नाव आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पालि तिपिटक देवनागरीत संकेतस्थळावर ठेवले आहे. ही संगायना १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला झाली. तेथेच डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब गेले होते. तिसऱ्या रविवारी आमच्या एका आजींनी माइक दाबून 'करणीयमेत्त सुत्त' असे म्हटले आणि शोध लागला. आम्ही अक्षरे मोठी करून दिली. पन्नास वर्षे तोंडपाठ म्हटलेले सुत्त त्यांनी पहिल्यांदा छापील अक्षरात पाहिले. वाचता येते ते जेमतेम, तरी बोट ठेवून ओळीमागून ओळ जुळवीत गेल्या. एके ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा शब्द मी इतकी वर्षं चुकीचाच म्हणत होते." सगळे हसले, त्याही हसल्या.

त्या मुलीचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर फोन केला, तक्रार नोंदली. असा फोन जितका लवकर होईल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक, हे कृपया घरात सर्वांना सांगा. आम्हाला उशीर झाला होता. हे लिहीपर्यंत ते ४९९ रुपये परत आलेले नाहीत, आणि तिच्या आधारचा फोटो कोणाच्या हाती आहे तेही ठाऊक नाही. खबरदारी म्हणून आधारची बोटांच्या ठशांची ओळख कुलूपबंद करून घेतली, ती सोय आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे. नवा अर्ज मात्र खऱ्या संकेतस्थळावर मुदतीच्या आत भरला. तो भरायला एक पैसाही लागला नाही. ती पत्ता मोठ्याने वाचत होती, आम्ही शेजारी बसून ऐकत होतो.

४९९ रुपये म्हणजे नाक्यावर काम न मिळालेल्या दिवशी घरात काय असते, ते त्या बापालाच ठाऊक. समितीने ती रक्कम त्यांना देऊ केली. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "त्या पैशात माझी पोर शिकली असं समजतो. पण दुसऱ्याच्या पोरीला फुकटात शिकवा."

म्हणून अभ्यासिकेच्या भिंतीवर आता या आठ गोष्टी मराठीत लिहिलेला तक्ता आहे. अक्षर त्याच मुलीचे. टॅब कोण कधी वापरतो याची वहीही तीच सांभाळते. कपाटाचे कुलूप रात्रीपुरतेच लागते, आणि त्याची एक किल्ली समितीने एकमताने तिच्याकडे दिली आहे. कुलूप लावा म्हणणारे ज्येष्ठ सभासद परवा तिच्याकडेच बसून नातवाच्या अर्जाचा पत्ता वाचायला शिकत होते.

आपल्या विहारात, आपल्या घरात असा टॅब असेल तर येत्या रविवारी वंदनेनंतर तासभर काढा. साइट सेटिंग्जमधली ती यादी आधी उघडा आणि किती अनोळखी नावे निघतात ती मोजा.

नमो बुद्धाय, जयभीम!